जनरेटर सुरू करण्याआधी

उदगीर, रविवार

प्रिय मंजू,

ग्यानोबाच्या टेम्पोतून अप्पांनी तुमच्यासाठी बिलोलीला जनरेटर पाठवलाय. त्याच्या खोक्यात हे पत्र मी मुद्दाम वरच ठेवलंय. पूर्ण वाचेपर्यंत तो सुरू करू नकोस. तुझी घाई मला ठाऊक आहे. शिवानी उकाड्यानं रडत असेल, आणि तुमच्याकडची लाईट तर झुळूक आली तरी जाते. पण तिला पदरानं वारा घाल आणि आधी वाच. फोनवर हे बोलता येत नाही, अप्पा समोरच बसलेले असतात.

तो अंगणात ठेवायचा, दार-खिडकीपासून लांब. चोरीला जाईल म्हणून जावईबापू ओसरीत घेतील, तर अजिबात घेऊ देऊ नकोस. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो; झोपलेलं माणूस झोपेतच जातं. पेट्रोल तो बंद करून थंड झाल्यावरच ओतायचं. पंखा, फ्रिज जोडायचं ते थेट जनरेटरला. आमच्याकडे दोन्ही टोकांना पिन असलेली वायर होती, अप्पांनी दुकानातून बनवून घेतलेली. एक पिन जनरेटरला, दुसरी भिंतीतल्या सॉकेटला, की अख्खं घर चालू. काय कौतुक होतं आम्हाला तिचं! ती मी काढून घेतलीय. तिथं कोणी दुसरी बनवून दिली, तर तुला माझी शपथ आहे.

पिराजी वायरमन आठवतो ना? तुझ्या लग्नात मांडवाची लाईट त्यानंच ओढली होती. गेल्या वैशाखात तो आपल्या दारातल्या खांबावरून पडून गेला, एवढंच तुला कळवलं होतं. त्या दिवशी आपल्याकडे स्वामींची पाद्यपूजा होती. सकाळी वारं सुटलं आणि खांबावरची तार तुटली. पिराजी कोपऱ्यावरच्या डीपीतून लाईन बंद करून वर चढला. इकडे स्वामी घामाघूम झालेले, म्हणून आपण जनरेटर लावला. मेन स्विच बंद असता तर वीज घरातच राहिली असती. तो चालू होता. वीज उलटी खांबावर गेली.

कागदोपत्री चूक पिराजीची ठरली, डीपी नीट बंद केली नाही म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी. तेराव्याला अप्पांनी स्वतः पंगत वाढली, कोणाकडे मान वर करून न बघता. त्याची धुरपता अजून आपल्याकडे ज्वारी निवडायला येते. परवा म्हणाली, "बाई, माज्याच माणसानं येडेपणा केला, लोकाला काय बोलू?" तिच्या लखनला कोणी वायरमनचं काम देत नाही, बापासारखाच निष्काळजी निघेल म्हणून. मला जेवण जात नाही गं.

तू म्हणशील, अप्पा मेन स्विच कसे विसरले? विसरले नव्हते. स्विच देवघराच्या भिंतीवर, स्वामींच्या गादीच्या बरोबर वर आहे. अप्पांनी हात उचललाही होता. मीच अडवलं, स्वामींच्या डोक्यावरून हात नेता का म्हणून. आणि सॉकेटमध्ये पिन मी घातली, मंजू. वर्षभर त्यांनी मला पाठीशी घातलं. आता जनरेटर घराबाहेर गेला की विषयही गेला, असं त्यांना वाटतंय. टेम्पो निघाला की मी धुरपताकडे जाणार आहे, तिला सगळं सांगून तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात. अप्पांना कळवलेलं नाही. लोक तुला फोन करून विचारतील. तेव्हा अप्पांचं नाव घेऊ नकोस, माझं सांग.

तुझीच,
आई