तळाच्या सहा टीम्सचा अंदाज

१ जानेवारी २०२६, गुरुवार. सकाळी ११.४०
डायरी जुन्या कंपनीची. जाताना एक डायरी, एक पेन आणि कुंडीतलं एक रोप दिलं. अकरा वर्षं डिलिव्हरी मॅनेजर होतो. रोप शलाकाने घेतलं.

संकल्प. रोज सहाला उठणे. (आज धरायचं नाही. न्यूनेनसारख्या झोपाळू गावात लोक पहाटेपर्यंत फटाके उडवत होते.) रोज एक तास डच. आणि घरात ‘लेऑफ’ हा शब्द वापरायचा नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं, एवढंच. संपतातच ती.

परमिट ३१ मार्चपर्यंत. कायद्याने नवी नोकरी शोधायला तीन महिने देतात, म्हणजे नव्वद दिवस. मला वीस पुरतील. बायको शलाका आणि मुलगी ज्ञानदा माझ्याच परमिटवर डिपेंडंट म्हणून इथे आहेत. मी खोड, त्या फांद्या. खोडाने शांत राहायचं असतं.

६ जानेवारी, मंगळवार
डीमन गावाहून जयप्रकाशचा फोन. मंडळाच्या गणपतीत माझ्याबरोबर पार्किंग सांभाळायचा तो. म्हणाला, त्यांच्याकडे एक छोटी कंपनी आहे, अमेरिकन बेसबॉलचा डेटा विकते, सीझनच्या आधी टीम्सचे प्रिव्ह्यू काढते, त्यांना माणूस हवाय असं कानावर आलंय. विचारून बघ, म्हणाला. म्हणजे काम झाल्यात जमा आहे.

बेसबॉल मला येतो. ज्ञानदा अकरा वर्षांची, इथल्या क्लबात होंकबल खेळते. इथे बेसबॉलला होंकबल म्हणतात. मागचा अख्खा सीझन मी थर्मास घेऊन जाळीमागे उभा होतो. शिवाय जन्मभर क्रिकेट पाहिलंय. बॅट आणि बॉल, अजून काय असतं?

ठरलं. अमेरिकेतल्या तीस टीम्सपैकी तळाच्या सहांचा प्रिव्ह्यू लिहायचा. चांगल्या टीम्सवर कोणीही लिहील. पडलेल्याला उभं कसं करायचं, हे सांगायला अनुभव लागतो. टीम्सची नावं लिहिणार नाही, नजर लागते. नंबर लिहीन.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी १०.१५
९.२० ला उठलो. शलाका सातलाच टिलबर्गला गेली होती. तिथल्या एका गोडाऊनवाल्या कंपनीत ती प्लॅनर आहे. माझाही डबा भरून ठेवून गेली. घरात बसलेल्या माणसाला डबा कशाला?

तिसावी टीम. मागच्या वर्षी १६२ सामन्यांत ११० हरली. पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, तरुण, आणि त्यात एकाचा खांदा गेलेला. सगळे म्हणतात, यंदाही आशा नाही.

माझं निदान वेगळं आहे. ही टीम जिंकायला जाते, म्हणून हरते. दुबळ्याने सामना वाचवायचा असतो. वेळ काढायचा, बुटाची नाडी बांधायची, पाणी मागवायचं. सप्टेंबरात ज्ञानदाची मॅच ७-७ वर सुटली. अंपायरने घड्याळ पाहिलं, म्हणाला ‘खेलाइकस्पेल’, म्हणजे बरोबरी. दोन्हीकडच्या पोरांनी हात मिळवले आणि सगळ्यांनी फ्राइज खाल्ले. कोणी रडलं नाही. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

अंदाज: जिंकणार ५५, हरणार ५७, अनिर्णित ५०. अमेरिकेत हे कोणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं.

२० जानेवारी, मंगळवार
जेवताना शलाकाने सांगितलं, तिची कंपनी तिचं स्वतःचं परमिट करून द्यायला तयार आहे. मग मी आणि ज्ञानदा तिच्या परमिटवर येऊ. HR ला कागद २० मार्चपर्यंत हवेत.

म्हणजे मी डिपेंडंट. मंडळात ‘डिपेंडंट वहिनी’ हा विनोद मीच सुरू केला होता, तेव्हा शलाकासुद्धा हसली होती. हसली होती असं मला आठवतंय.

मी म्हणालो, बघू.

बघू हा फार मोठा शब्द आहे. डच लोकांकडे तो नाही. त्यांच्याकडे हो आहे, नाही आहे, आणि कॅलेंडर आहे. अकरा वर्षं मी क्लायंटला बघूवर ठेवलं. बघू म्हटलं की कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. शलाका कुकर घासत राहिली, आधी घासलेला असून.

३ फेब्रुवारी, मंगळवार
चाळीस ठिकाणी अर्ज करायचे होते. दोन झाले. दोन्हीकडून त्याच दिवशी नकार. उरलेल्या अडतीस ठिकाणांहून अजून एकही नकार नाही. पाठवले नाहीत, हा मुद्दा वेगळा.

एकोणतिसावी टीम पूर्ण. सगळा भरवसा एका म्हाताऱ्या बॅटरवर, वय ३८. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला ‘उतरणीला लागलेला’ म्हणतात. मी प्रिव्ह्यूत त्याची बाजू दोन पानं मांडली.

९ फेब्रुवारी, सोमवार
शलाकाने टेबलावर एक फॉर्म ठेवला. मी गुन्हेगार नाही, कधी तुरुंगात गेलो नाही, असं मी लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. तिच्या अर्जात नवरा म्हणून माझं नाव घालायला तो लागतो, म्हणाली. नाव आणि जन्मतारीख तिनेच भरली होती.

मी गुन्हेगार नाही हे बायकोच्या कंपनीला लिहून देऊ? या देशात अकरा वर्षं टॅक्स भरला. सायकल कधी लाल सिग्नलला पुढे काढली नाही. बघू म्हणालो.

कागद चांगला जाड होता आणि पाठकोरा. पाठकोरा कागद वाया घालवायचा नाही, हे आईचे संस्कार. सत्ताविसाव्या टीमचे पिचर त्यावर बसवले. पहिल्यांदाच सगळं एका पानात मावलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
ज्ञानदा मागे उभी राहून वाचत होती. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, पण आकडे तिला कळतात. इंग्लिशमध्ये म्हणाली, बाबा, खऱ्या बेसबॉलमध्ये ड्रॉ नसतो, कोणीतरी हरेपर्यंत खेळतात. मी तिला तिच्याच ७-७ च्या मॅचची आठवण करून दिली. ती डचमध्ये काहीतरी म्हणाली आणि वर निघून गेली.

लहान आहे. मोठ्या पातळीवर वेळेचं नियोजन असतं, हे तिला अजून कळायचं नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
दुपारी दोनला अल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये दूध आणायला गेलो. तिथे मंडळातल्या मंजूषावहिनी भेटल्या. विचारलं, आज वर्क फ्रॉम होम का? मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, मंगळवारीही दिसलात, बुधवारीही. मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी माझ्या बास्केटमधल्या कोथिंबिरीचं कौतुक केलं.

नंतर चीजच्या रॅकपाशी बराच वेळ उभा राहिलो. रडू आलं. तिथला फ्रिज उघडा असतो, गारठ्याने डोळ्यांत पाणी येतं. पण नाही, रडूच होतं. इथे कोण वाचणार आहे म्हणून लिहितो.

दूध आणायचं राहिलं.

५ मार्च, गुरुवार
इंटरव्ह्यू ठरला! १७ तारीख, डीमन. जयप्रकाशने बोलणं करून दिलं. शलाकाला सांगितलं, आता तुझ्या त्या फॉर्मची गरज नाही. ती म्हणाली, इंटरव्ह्यू म्हणजे नोकरी नव्हे, तू सही करून ठेव, मिळालीच तर फॉर्म फाडून टाकू.

मी तिला समजावलं, दोन डगरींवर पाय ठेवणारा माणूस मी नाही. शलाका म्हणाली, एकीवर तरी ठेव.

तिची नजर अलीकडे बोचते. पूर्वी अशी नव्हती.

१७ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७, परतीच्या ट्रेनमध्ये
झालं ते क्रमाने लिहितो.

मार्टाइन नावाचा माणूस, पस्तिशीचा, पायात मोजे नाहीत. अर्ज इंग्लिशमध्ये केला होता. प्रिव्ह्यूची मूळ मराठी पानं मी सोबत नेली होती, हातचं काम दिसावं म्हणून. अनिर्णितच्या रकान्यावर त्याने बोट ठेवलं आणि हा आकडा कशाचा, असं विचारलं. मी बारा मिनिटं थिअरी सांगितली. त्याने दारातून एका सहकाऱ्याला बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावली. मला वाटलं, पोझिशन मोठी देतायत.

मग त्याने विचारलं, तुम्ही बेसबॉल कुठे पाहिला? मुलीच्या क्लबात म्हणालो. तो अगदी हळू बोलायला लागला. म्हणाला, मुलांच्या मॅचला वेळेची मर्यादा असते, कारण मुलांना घरी जेवायला जायचं असतं. मोठ्यांच्या मॅचला नसते. बेसबॉलमध्ये बरोबरी होत नाही. नऊ डाव संपले की दहावा, मग अकरावा, कोणीतरी हरेपर्यंत.

नंतर एक पान उलटून म्हणाला, हेही प्रिव्ह्यूत येतं का? सत्ताविसाव्या टीमच्या मागे माझं नाव, माझी जन्मतारीख, मी गुन्हेगार नाही, आणि सहीची रिकामी जागा. त्याने पान माझ्याकडे सरकवलं. हे महत्त्वाचं दिसतंय, म्हणाला.

त्यांनी माणूस फेब्रुवारीतच घेतला होता. जयप्रकाशने तीनदा फोन केला, म्हणून मार्टाइन मला भेटला.

बाहेर आल्यावर ट्रामच्या थांब्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात सगळी पानं टाकली. सहाच्या सहा टीम्स, फॉर्मसकट. जयप्रकाशने घरी नेऊन वरणभात वाढला आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१९ मार्च, गुरुवार
शलाकाने दोनदा फॉर्म मागितला. डीमनच्या डब्यात आहे असं कसं सांगू? शोधतो म्हणालो. घरभर शोधल्यासारखं केलं. नसलेली वस्तू शोधायला फार मेहनत पडते. जेवणानंतर तिने नवा फॉर्म ई-मेल केला, आमच्यामध्ये फक्त भिंत असताना.

इंटरव्ह्यूचं काय झालं, असंही तिने विचारलं. चांगला झाला, बघू म्हणाले, असं सांगितलं. त्यांच्याकडे तो शब्द नाही हे ती विसरली असेल.

उद्या सकाळी सहाला उठून पहिलं काम सही. ठाम.

२० मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६
१०.४० ला उठलो. प्रिंटरची शाई संपलेली. लायब्ररीत प्रिंट मिळते, पण तिथे मंजूषावहिनी मुलांना गोष्टी सांगतात. त्या जाईपर्यंत बाहेर बाकावर बसलो. फार वेळ सांगतात.

पावणेसहाला सही करून फोटो पाठवला. शलाकाचा उत्तरादाखल मेसेज आला. शुक्रवारी HR बाराला घरी जातं. तिचे आणि ज्ञानदाचे कागद तिने साडेअकराला दिले. माझ्यासाठी तिने त्यांना बारानंतरही अर्धा तास थांबवून धरलं होतं.

अर्धा तास ती काय बोलत बसली असेल तिथे?

२३ मार्च, सोमवार
HR चं उत्तर. दोघींचा अर्ज गेला. माझा आता वेगळा करावा लागेल. ३१ नंतर मला इथे राहता येणार नाही, भारतात जाऊन वाट बघायची. तीन महिने लागतील, सहाही लागतील, आणि अर्ज इथून शलाकाने करायचा. हे मी तीनदा वाचलं. मेलमध्ये माझ्या नावापुढे ‘पार्टनर’ आहे, तेही कंसात.

शलाका भांडेल असं वाटलं होतं, तयारी करून बसलो होतो. तिने फक्त विचारलं, पुण्याचं तिकीट सकाळच्या विमानाचं काढू की दुपारच्या?

बघू म्हणणार होतो. दुपारच्या म्हणालो.

२६ मार्च, गुरुवार. रात्री
आज तिकडचा सीझन सुरू झाला. तिसाव्या टीमची मॅच इथल्या सहा वाजता होती. ज्ञानदा आपण होऊन शेजारी येऊन बसली. आमची टीम नवव्या डावापर्यंत २-२. मी उभा राहिलो. आता घड्याळ बघा रे कोणीतरी, असं तोंडून गेलं. कोणी बघितलं नाही. दहावा डाव. अकराव्यात ३-२ ने हरले. तो खांदा गेलेला पोरगा डगआउटमध्ये डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता.

आपण सांगितलंच होतं, असं ज्ञानदा म्हणाली नाही. माझा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. मला फार वाईट वाटलं, टीमचं नव्हे.

३१ मार्च, मंगळवार. स्किपोल विमानतळ, गेटवर
कुंडीतल्या रोपाला नवीन पानं आली आहेत. निघताना पाहिली.

दोघी सोडायला आल्या. माझी बॅग शलाकाने ओढली, कारण मला चाकं नीट चालवता येत नाहीत म्हणे. ज्ञानदाने चक्क मराठीत विचारलं, ११ एप्रिलला माझी पहिली मॅच आहे, येशील ना? सवयीने तोंडातून ‘बघू’ निघालं. ती इंग्लिशमध्ये म्हणाली, बाबा, बघू म्हणजे नाही, मला माहितीये. आणि पाण्याची बाटली भरायला गेली.

शलाका तिच्याकडे बघत कोटाची चेन लावत होती. मी विचारलं, माझा अर्ज कधी टाकशील?

बघू, म्हणाली.