एका दमाची चिमणी

प्रिय दादा,

तू पाठवलेली चिमणी सुखरूप पोचली. भुशातून काढली, पुसली, दिव्यावर चढवली. पहिली फुटली तेव्हा मी रडले होते, हे वहिनीनं तुला सांगितलेलं दिसतंय. दिव्याची काचही चिमणी आणि धाकटी बहीणही चिमणी, हा विनोद तू मला लहानपणापासून ऐकवत आलास. पण कारखान्याच्या मागच्या दारात नाकातोंडातून धूर सोडत उभा असतोस, तेव्हा घरातली खरी चिमणी कोण ते सगळ्या गल्लीला दिसतं.

मागच्या महिन्यात आमच्या आरोग्य खात्यानं मला नेमकं तुमच्याच काचकारखान्यात सिगारेटवर बोलायला पाठवलं. मी पडद्यावर काळ्या फुफ्फुसांची चित्रं लावली. तू पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेलास. भाषण संपलं आणि तुम्ही सगळे थेट मागच्या दारी गेलात, कारण चित्रं बघून म्हणे जीव घाबरा झाला आणि एक ओढल्याशिवाय बरं वाटेना. मी दम द्यायला आले आणि तुम्ही दम मारून मोकळे झालात.

धुरानं छाती पक्की होते, मग भट्टीची आच बाधत नाही, असं तू नव्या कारागिरांना शिकवतोस. बाबाही हेच म्हणायचे, आणि ते म्हातारपणापर्यंत ओढत होते हा तुझा हुकमाचा पत्ता. त्यांच्या बरोबरीचे जे लवकर गेले, त्यांचं नाव तू काढत नाहीस. पण त्या दिवशी मी मागच्या दारी उभी राहिले आणि एक गोष्ट डोक्यात शिरली. हातात सिगारेट असली की मुकादम कुणाला अडवत नाही, आणि नुसता वारा खायला आलेल्याला कामचुकार म्हणून झापतो. पॅकिंगवाला तर ओढतही नाही, तरी कानावर सिगारेट खोचून बाहेर येतो. म्हणजे तुम्हाला गार हवा हवी होती आणि ती धुराच्या परवान्यावर मिळत होती.

मग मी मालकाच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी वैतागून कबूल झाला. झाडाखाली बाक, प्यायला पाणी, आणि घंटा झाली की सगळ्यांनाच सुट्टी, ओढो वा न ओढो. ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी दर सोमवारी डॉक्टर येतील. मी दादापेक्षा हट्टी आहे, असं मालक म्हणाला. मी म्हटलं, घराणंच तसं आहे.

आता चिमणीविषयी. जुनीचं पोट सगळीकडे सारखं पातळ होतं. नवीवरून बोट फिरवलं की मध्ये एक जाडसर कडं लागतं, आणि दिवा लावला की भिंतीवर त्याची सावली पडते. मला वाटलं, नवी नक्षी असेल. पॅकिंगवाल्याला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, “काच फुंकताना उस्तादांचा दम मध्येच तुटतो, ताई. दुसरा घेईपर्यंत काच थंड होते. आम्ही तसल्या बाजूला काढतो, कुणाला बोलत नाही.” तुला ते कडं दिसलं नसेल हे शक्यच नाही. त्यातल्या त्यात बरी हीच निघाली असणार, हे तेव्हा लक्षात आलं. रात्री तू उशीला टेकून बसल्या बसल्या झोपतोस, हेही वहिनीकडून कळलं. दादा, मला भीती वाटते. बाबांनंतर माझं म्हणून तूच आहेस.

या सोमवारी डॉक्टर एक नळी आणणार आहेत. तिच्यात फुंकलं की छातीत किती दम उरलाय ते कळतं. आधी उस्ताद फुंकतील, मग आम्ही, असं सगळ्या कारागिरांनी सांगितलंय, आणि तू नेमकी सोमवारचीच रजा टाकली आहेस. त्यासाठी हे पत्र. रजा मागे घे. सगळ्यांसमोर दम तुटला तर तुटू दे. ओढायला ते तुझ्याकडून शिकले, सोडायलाही तुझ्याकडूनच शिकतील. मी शेजारी उभी असेन. आला नाहीस तर डॉक्टरांना नळीसकट घरी घेऊन येईन, आणि मागून सगळा कारखाना येईल. ही चिमणी मी आज उतरवून कपाटात ठेवली आहे. दिव्यावर मला तुझ्याच हातची दुसरी हवी. एवढीशी असली तरी चालेल, पण एका दमाची.

तुझीच,
बिनधुराची चिमणी