सदतीस अंशांवर

३ मार्च, सोमवार
अर्ज करण्याआधी विद्यापीठातला विभाग आतून पाहायचा, म्हणून आठवडाभर रजा घेतली. दहा वर्षं शाळेत फळ्यावर पेशी काढल्या. आता जीवशास्त्रात एम.एस्सी. करावं का, हे या सहा दिवसांत ठरवायचं. विभाग शेजारच्या रुग्णालयाला लागूनच आहे. सगळं दाखवणारी संशोधक विद्यार्थिनी माझ्याहून सात वर्षांनी लहान. म्हणाली, "मॅडम, शिकवून कंटाळलात म्हणून शिकायला आलात?"
घरी बाबा म्हणाले, "दुसरीकडे नाही का हा अभ्यासक्रम?" कारण विचारलं, तर टीव्हीचा आवाज वाढवला.

४ मार्च
पेशी वाढवण्याची पद्धत फार सुंदर आहे. चपट्या बाटलीच्या तळाला त्या चिकटतात. वरचा गुलाबी द्रव हे त्यांचं अन्न. बाटल्या उबदार कपाटात, सदतीस अंशांवर – म्हणजे शरीराइतक्याच उबेत. तळ भरला की जागेअभावी मरू लागतात. म्हणून दर तीन दिवसांनी थोड्या नव्या बाटलीत घालायच्या, उरलेल्या पेशी ब्लीच ओतून मारायच्या.
प्रयोगशाळेतले मामा कपाट उघडण्याआधी दारावर टकटक करतात.
"आत कोण आहे, मामा?"
"कोणी नाही. सवय."
विद्यार्थिनी हसली नाही. थोड्या वेळाने तिनेही टकटक केलं.

५ मार्च
आज मला करू दिलं. विद्यार्थिनीने एक बाटली पुढे केली. "या म्हातारीपासून सुरुवात करा. बावीस वर्षं झाली, कोणीही हाताळलं तरी मरत नाही." उरलेल्यांवर ब्लीच ओतलं. गुलाबी रंग क्षणात गेला.
तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर नव्या बाटलीत सगळ्या चिकटलेल्या, एकमेकींना बिलगून.
"इतक्या लवकर? त्यांना रात्र लागते," विद्यार्थिनी म्हणाली. पुन्हा वाकून पाहिलं तिने. मग माझ्याकडे.

६ मार्च
म्हातारीची मूळ नोंद मागितली, त्या पेशी कोणाच्या शरीरातून आल्या त्याची. स्रोत तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही.
स्त्री. वय चौतीस. अंडाशयातली गाठ. शेजारचं रुग्णालय. शस्त्रक्रियेची तारीख.
नाव नाही, नाव कधीच लिहीत नाहीत. पण तारीख मला पाठ आहे. त्या दिवशी मी नऊ वर्षांची होते आणि शेजारच्या काकूंकडे जेवले होते. आई घरी आलीच नाही.

७ मार्च
बाबांना तारीख सांगितली. त्यांनी टीव्ही बंद केला.
"सही मीच केली. म्हणाले, तुकडा ठेवून घेतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मला वाटलं, बरणीत ठेवतील. वाढत राहील, असं कोणी बोललं नाही."
रिमोट बाजूला ठेवून – "गारठ्यात तर ठेवत नाहीत ना?"
सदतीस अंश, म्हटलं.
"बरं. तिला सारखी थंडी वाजायची."
ब्लीचचं सांगितलं नाही. परवा माझ्याच हाताने ओतलं, हेही नाही. तिथे शिकायचं म्हणजे दर तीन दिवसांनी ते ओतायचं.

८ मार्च
बाटली पुन्हा भरली. उरलेल्या पेशींसाठी मी दुसरी बाटली मागितली.
"मॅडम, सगळ्याच ठेवत बसलो तर महिनाभरात इमारत भरेल."
खरं आहे. हेच गणित मी नववीला शिकवते.
ब्लीच तिने ओतलं. मी मान वळवली नाही.

९ मार्च
अर्ज भरला. शेवटचा रकाना – विभागात आपले कोणी नातेवाईक आहेत का?
होय.
नातं: आई.