सत्यवतीचा डावा हात

५ मे, सोमवार
गुडघ्यासाठी डॉक्टर किशोरी मॅडमकडे गेलो. गुडघा राहिला बाजूला, बाईंनी बीपी मोजलं. १६२/१००. म्हणाल्या, गोळी लगेच देत नाही. मशीन घ्या, दोन आठवडे रोज सकाळी घरी मोजा, वहीत लिहून आणा. मीठ कमी, सुकी मासळी बंद. तरी उतरलं नाही तर गोळी, कायमची. आमचा आजा जन्मभर मिठागरावर होता, मिठाने त्याचं काय वाकडं केलं? असो. शिस्त म्हणजे शिस्त.

६ मे, सकाळी ७.१०
मशीन आणलं. मोजलं. १६८/१०२. नवीन मशीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. परत मोजलं. १७१. संशय आला. चेक करायला बायकोला बोलावलं, सत्यवतीच्या डाव्या हाताला पट्टा बांधला. १२०/७८. म्हणजे मशीन चांगलं आहे. मग वहीत काय लिहायचं? बराच विचार केला. एका टोपातलं कालवण दोघं खातो, मीठ एकच. मग बीपी पण घराचं एकच धरायला काय हरकत आहे? १२०/७८ लिहिलं. उद्यापासून स्वतःचं.

७ मे
१२२/८०. (तिचं.) शुक्रवारी १६ तारखेला पुतण्या निकेशची हळद. मटण असणार, बाकीचं पण असणार. त्याच्या आधी खरे आकडे घरात कळले, लगेच मॅडमकडे नेलं आणि गोळी गळ्यात पडली तर भावकीत तोंड दाखवायला जागा नाही. हळद झाली की स्वतःचं मोजणार. नक्की.

८ मे
११८/७६. ती स्वतःच बांगड्या मागे सारून येऊन बसते. चष्म्याशिवाय तिला आकडे दिसत नाहीत. किती आलं विचारते. मी म्हणतो, फर्स्ट क्लास.

१० मे
वहिनी, म्हणजे निकेशची आई सोनाबाई, भेटली. हसत होती. म्हणाली, सत्यवती सगळ्या आळीला सांगते, तीस वर्सांत पयल्यांदा नवरा माजी काळजी घेतो, रोज हात धरून बसतो. मी पण हसलो. घरी येऊन सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, आमटी खाल्ली, नेहमीपेक्षा कमी. दोन वाट्याच.

११ मे, रविवार
१३४/८६. पट्टा सैल असणार.

१२ मे
१४६/९२. सेल बदलले. १४८. वहीत १२०/८०.
संध्याकाळी मुलगी, पूर्वी, विचारत होती, आईची गोळीची स्ट्रिप तशीच का? कुठली गोळी म्हटलं. दोन वर्षं बीपीची गोळी चालू आहे तिची. दोन वर्षं! मला कोणी सांगितलंच नाही. पूर्वी म्हणाली, सांगितलं होतं बाबा, मॅच चालू होती तेव्हा. सत्यवती आतून म्हणाली, आता नाय लागत, तीन-चार दिवस झाले बंद केली. हे रोज मोजतात, फस क्लास येतं.
जेवण गेलं नाही. म्हणजे थोडं गेलं.

१३ मे
१५६/९६. गोळी घे असं सांगायला तोंड उघडलं. पण ती विचारणार, का? चांगलं येतं ना? मग म्हणावं लागेल, मशीन खराब आहे. मशीन खराब तर माझी वही पण खराब. आणि मशीन चांगलं आहे म्हटलं तर मी खराब. दोन्हीकडून आपणच मरतो. फर्स्ट क्लास म्हणालो.
शेवटी गोळी तिच्या चहाच्या बशीत ठेवली. तिने उचलून परत डब्यात टाकली, म्हणाली इथं कशी आली?

१४ मे
१६४/१००. डोकं जड हाय म्हणाली. ऊन आहे म्हणालो. ऊन खरंच आहे. हळदीचे मसाले कुटायला सकाळपासून सोनाबाईकडे गेली आहे. उद्या सांगतो.

१५ मे
आज मोजलंच नाही. वहीत १२०/८०. उद्या हळद, अशा वेळी घरात वाद नको. परवा सांगतो. देवाशपथ.
माणूस एवढा नालायक असू नये.

१६ मे
हळद. ग्लास हातात घेतला, घशाखाली उतरेना. मटण उतरलं. सत्यवती नाचत होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. दोनदा म्हटलं, बस जरा. बायका म्हणाल्या, बघा बघा, किती जपतो!

१७ मे, शनिवार
लग्नघरात चुलीजवळ चक्कर येऊन बसली. तोंड पांढरं. गाडी काढली, पूर्वीने तिला धरलं, मॅडमकडे नेलं. १८८/११४. मॅडमनी औषध दिलं, दोन तास झोपवून ठेवली, उतरलं. मी बाहेर बाकावर. विठ्ठलाला काय वाटेल ते कबूल केलं, सोडे सोडायचे पण.
मॅडम तिला ओरडल्या, गोळी का बंद केली? मी उठून आत गेलो, सांगायचंच म्हणून. त्याआधी सत्यवती म्हणाली, लगनाच्या गडबडीत इसरले.
मी परत येऊन बाकावर बसलो.

१९ मे, सोमवार
माझी तारीख. सत्यवती मला पण याचंय म्हणून सोबत आली. मॅडमनी वही बघितली. एकदम खूश. सत्यवतीला म्हणाल्या, बघा, शिका जरा नवऱ्याकडून. मग सहज माझ्या हाताला पट्टा बांधला. १७८/११०. परत बांधला. १८०. वही उघडली, माझ्याकडे बघितलं, विचारलं, हे आकडे कोणाचे?
सत्यवती म्हणाली, पयले माजे हायेत. नंतरचे त्यांनाच म्हायती.
तिला कधीपासून माहीत होतं, विचारायची हिंमत झाली नाही. मलाही गोळी सुरू, कायमची. गाडीत मी माफी मागितली. विचुंब्याचा फाटा आला. तेव्हा ती म्हणाली, मना वाटलं व्हतं खरंच माज्यासाठी मोजता.

२० मे, सकाळी ७
१७४/१०६. माझं.
सत्यवतीला बोलावलं, म्हटलं आज खरंच तुझ्यासाठी. नको म्हणाली. तिचं आता पूर्वी मोजते, आतल्या खोलीत. किती आलं ते मला सांगत नाहीत.