सलग तीस पांढरे

२ मार्च, सकाळी ६:१०

गाडी आली. हायब्रिड. रंग मोतिया. आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, चार हजारांवर माणसं शिकवून रस्त्यावर आणली, पण गाडी नेहमी स्कूलची आणि स्टिअरिंगवर नेहमी कोणी ना कोणी विद्यार्थी. सकाळच्या पहिल्या बॅचचा विद्यार्थी मला घरून घेऊन जायचा, संध्याकाळच्या शेवटच्या बॅचची बाई घरी आणून सोडायची. मी शेजारच्या सीटवर. सांगायचा मुद्दा, एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. असा रेकॉर्ड कोणी दाखवावा.

संकल्प: परवापासून नातीला शाळेत मी सोडणार. मुलगी आणि नात आमच्याच इमारतीत एक मजला वर राहतात. मुलीला तसं सांगून टाकलं. नात सात वर्षांची आहे. तिने विचारलं, आजोबांना गाडी चालवता येते का. मुलं काय वाटेल ते विचारतात.

२ मार्च, दुपार

शोरूममधल्या बाई गाडी समजावून सांगायला आल्या होत्या. तासभर लागेल म्हणाल्या. मी पाच मिनिटांत आटोपतं घ्यायला लावलं. समजावण्यासारखं आहे काय? क्लच नाही, गिअर नाही. पेडलं दोनच. स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटखाली माझीही दोनच होती. डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. दोन पेडलांवर मी उभा जन्म काढला. मला कसला डेमो देता.

गाडी इतकी मुकी आहे की सुरू झालेली कळत नाही. बटण दाबलं, काही झालं नाही. परत दाबलं. बायको म्हणाली, पहिल्यांदा सुरू झाली होती, आता बंद झाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

४ मार्च, सकाळी ८:३०

नातीला शाळेत सोडलं. तेवीस मिनिटं लागली. सावकाश चालवणं हे मुरलेल्या ड्रायव्हरचं लक्षण. दोन-तीनदा गाडी आपसूक पुढे उसळली. नवी आहे, अंगात रग असणारच. बायको शेजारी होती, दारावरचं हँडल धरून. तिला सांगितलं, धरायची काही गरज नाही. तिने दुसऱ्या हातानेही धरलं.

५ मार्च

कपाट आवरताना खडूंचा डबा सापडला. बायको टाकायला निघाली होती, वेळेवर हिसकावून घेतला. यात माझी एकतीस वर्षांची अक्कल आहे. चूक झाली की प्रत्येक शिकाऊ हेच म्हणतो, सर, मी ब्रेकच दाबला होता. त्यावर माझा उपाय असा. गाडी बंद. ब्रेकच्या पेडलला पांढरा खडू फासायचा, ॲक्सिलरेटरला लाल. अचानक ओरडायचं, ब्रेक! मग बूट उलटा करून तळवा दाखवायचा. पांढरा तर पास, लाल तर तोंड बंद. सलग तीस पांढरे झाल्याशिवाय रस्ता नाही. एका मोठ्या साहेबांचा सत्ताविसावा लाल निघाला तर त्यांनाही परत एकपासून मोजायला लावलं होतं. नियम म्हणजे नियम.

नातीला पद्धत फार आवडली. डबा ती घेऊन गेली.

८ मार्च, सकाळी ९:१५

अक्षराकडे दुर्लक्ष करावं.

गाडी स्वतःहून पळाली. घटना क्रमाने लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल. वेळ ७:४०. पार्किंगमधून बाहेर काढत होतो. मांजर आडवं आलं. मी ब्रेक दाबला. पूर्ण दाबला, पाय खाली टेकेपर्यंत. गाडी थांबायच्या ऐवजी सुटली. जितका जोरात दाबला तितकी जोरात सुटली. तीन कुंड्या, सोसायटीचा सूचनाफलक आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक लहान सायकल. मग भिंत.

मांजराला काही झालं नाही. मला आणि बायकोलाही नाही.

सायकल नातीची. सायकली तिथे लावू नयेत असं मी पूर्वीच सांगितलं होतं. नात तिथेच घंटी वाजवत उभी होती, पाण्याची बाटली विसरली म्हणून नुकतीच परत वर गेली होती.

बायको काहीच बोलली नाही. ती बोलत असते तेव्हा बरं असतं.

९ मार्च

मुलगी येऊन बसली. शांतपणे म्हणाली, हे कशामुळे झालं ते आधी कळू दे, तोवर नात गाडीत बसणार नाही. मी म्हटलं, कळायचं काय त्यात, ब्रेक फेल. ती म्हणाली, असं असेल तर त्या गाडीत ती बसणार नाही. मी म्हटलं, बरं, क्षणभर धरून चालू की चूक माझी होती. ती म्हणाली, मग तुमच्याबरोबर बसणार नाही. दोन्हीकडून कोंडी. पोरगी आईच्या वळणावर गेली आहे.

संकल्प: गाडीचा दोष पुराव्यानिशी सिद्ध करणे. कंपनी गाडी बदलून देईल. नव्या गाडीत नात बसेल. विषय संपला.

१० मार्च

सकाळभर इंटरनेटवर अभ्यास. छडा लागला! हायब्रिड गाडीत ब्रेक लावला की चाकांची शक्ती वाया जात नाही, तिची वीज होऊन बॅटरीत साठते. वाचल्यावर अंगावर काटा आला. मी ब्रेकच्या बाबतीत मुळीच कंजुषी करत नाही. चार दिवसांत माझे इतके ब्रेक बॅटरीत साठले की आठ तारखेला ती ओतू गेली आणि सगळी शक्ती एकदम बाहेर आली. बिनतोड.

बायकोला आकृती काढून समजावलं. तिने आकृती नीट पाहिली आणि विचारलं, तोवर भाजी चालत जाऊन आणणार का.

१२ मार्च

कंपनीला तक्रार लिहिली. अकरा पानं, आकृतीसह. टोइंगवाल्याने गाडी वर्कशॉपला नेली.

१४ मार्च

वर्कशॉपमध्ये तपासायला जी इंजिनिअर पुढे आली ती माझीच विद्यार्थिनी! झटका. खरं नाव आठवत नाही, मी सगळ्यांना टोपणनावं द्यायचो. ही क्लच सोडायची तो झटक्यानेच, म्हणून झटका. एक गोगलगाय होती, एक हॉर्नबाई होती. आता तिच्या हाताखाली चार जण आहेत. मला पाहताच उभी राहिली. मी सहज विचारलं, तुम्ही मंडळींनी मला काय नाव ठेवलं होतं. आधी लाजली, मग म्हणाली, प्रवासी. छान वाटलं. मला हिंडण्याफिरण्याची आवड आहे हे पोरांनी अचूक ओळखलं होतं.

ती म्हणाली, अशी तक्रार हसण्यावारी नेता येत नाही. ब्रेकच्या प्रोग्राममध्ये चूक निघाल्याने गाड्या परत बोलवाव्या लागल्याचंही घडतं. दोन दिवस ठेवून सगळं तपासते. माझा सिद्धांत तिने शांतपणे ऐकून घेतला. म्हणाली, असं आजवर कोणाकडून ऐकलं नव्हतं. नवं संशोधन असतंच असं.

१६ मार्च

निकाल आला. म्हणे ब्रेक ठणठणीत. पेडल अडकत नाही, पायाखालचं मॅट सरकलेलं नाही. वर गाडी स्वतःच शेवटच्या पाच सेकंदांची नोंद ठेवते. तीत काय, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, ब्रेकला स्पर्शही नाही. मी विचारलं, नोंद ठेवणारा कॉम्प्युटर कोणी बनवला? कंपनीने. म्हणजे आरोपीनेच साक्ष द्यायची आणि आपण मान डोलवायची!

झटका जरा घुटमळली. मग तिने विचारलं, सर, तुमच्या बाजूला पेडलं किती होती. दोन, मी म्हटलं. त्यातलं उजवं कोणतं. ब्रेक, दुसरं कोणतं असणार! यावर ती नुसती माझ्या गाडीच्या उघड्या दारातून आत, उजवीकडच्या ॲक्सिलरेटरकडे बघत राहिली. हिला आधीपासूनच एकही गोष्ट सरळ सांगायची सवय नाही.

१७ मार्च

निर्णय झाला. कॉम्प्युटर खोटं बोलेल, खडू बोलणार नाही. रविवारी सकाळी सगळ्यांसमक्ष खडूची परीक्षा द्यायची. बायको आणि मुलगी साक्षीदार. झटकाही येते म्हणाली, गाडी तीच घेऊन येईल.

आज सोफ्यावर बसून, पुढे दोन उशा ठेवून सराव केला. चाळीसपैकी चाळीस बरोबर. हाक मीच मारत होतो.

१९ मार्च, रविवार, सकाळी ११

गाडी बंद, चाकांना ठोकळे. दोन्ही पेडलांना खडू झटकाने लावला, माझ्या देखरेखीखाली. मी स्टिअरिंगवर. मागच्या सीटवर खडूंचा डबा मांडीवर घेऊन नात येऊन बसली, तिला कोणी बोलावलं नव्हतं. गाडी हलणार नव्हती म्हणून मुलीने बसू दिलं.

पहिला, पांढरा. दुसरा, पांढरा. तिसरा, चौथा, पांढरे. मी मुलीकडे तोंड करून समजावू लागलो की पायाला स्मरणशक्ती असते, डोकं विसरेल पण पाय विसरत नाही, एकतीस वर्षं माझा उजवा पाय झोपेतसुद्धा उजवीकडच्या... एवढ्यात मागून नात जिवाच्या आकांताने ओरडली, ब्रेक!

पाय गेला. जोरात गेला. अगदी आठ तारखेसारखा.

नात खाली उतरून माझ्या दारापाशी आली. मी पाय बाहेर काढला. तिने तळवा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

लाल.

नातीचा चेहरा पडला. तिला वाटलं, ओरडण्यात तिचंच काही चुकलं. मी म्हटलं, नाही गं, तू बरोबर ओरडलीस.

आठ तारखेला ती बाटली विसरली नसती तर. हे वाक्य अकरा दिवस लिहायचं टाळलं होतं. आज लिहिलं. फार भीती वाटते.

२० मार्च

काल भावनेच्या भरात लिहिलं गेलं. थंड डोक्याने विचार करता काही मुद्दे. (१) लाल खडू जुना होता, भुगा उडतो. (२) नातीचा आवाज नको तितका मोठा आहे. (३) पेडलांची जागा मुळात चुकीची आहे. सवयीच्या माणसाला विचारून ठेवायला हवी होती.

बायकोने तिन्ही मुद्दे ऐकले. म्हणाली, अहो, मी शेजारीच होते, मला तुमचा पाय दिसला होता. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस. म्हणाली, तुम्ही अकरा पानं लिहीत होतात.

संकल्प: सलग तीस पांढरे. त्यानंतरच रस्ता. किल्ली मुलीकडे दिली आहे, तात्पुरती. फार तर दोन दिवस लागतील.

२३ मार्च

नऊ. मग लाल. कबुतर उडालं होतं.

२७ मार्च

सतरा. अठराव्याला नातीने आधी बराच वेळ गप्पा मारल्या, शाळेतली सगळी भांडणं सांगितली आणि मध्येच ओरडली. लाल. ही युक्ती मीच शोधून काढलेली. साहेबांना मी अशाच गप्पांमध्ये गुंतवलं होतं. तेव्हा ते रागावले होते. मी हसलो होतो. आठवून वाईट वाटलं. आज भेटले तर सांगेन.

१ एप्रिल

झटका आली होती, रविवारी तासभर शिकवायला येईन म्हणाली. मला शिकवणार! मी नकार देणार होतो, पण ती शेजारच्या सीटवर बसूनही मोकळी झाली होती. तिने हँडल धरलं नाही, याची नोंद बायकोने घ्यावी. जाताना नातीने तिला विचारलं, आजोबांना आता नवीन नाव काय द्यायचं. झटका म्हणाली, अजून तेच ठेवू.

६ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

एकोणतीस!! जिन्यावरून शेजारी बघायला उतरले. मी घाम पुसला. तिसाव्याच्या आधी नात काहीच बोलेना. मिनिट गेलं, दोन गेली. वरच्या मजल्यावरून कोणाच्या तरी हातून बादली पडली, तीच वेळ साधून ती ओरडली.

लाल. शेजारी हळूहळू परत वर गेले.

७ एप्रिल, सकाळी ८:२०

नवी सायकल आली. नातीने ती भिंतीपासून लांब लावली आहे.

सध्या तिला शाळेत चालत सोडतो. सतरा मिनिटं लागतात. गाडीने तेवीस लागली होती हे बायकोने आज पुन्हा सांगितलं.

आज कोपऱ्यावर एक स्कूटर न बघता भसकन वळली. मी नातीच्या शेजारीच चालत होतो. माझा उजवा पाय फुटपाथवर गच्च दाबला गेला आणि हात आपोआप तिच्यापुढे आडवा. दोघंही जागच्या जागी थांबलो. स्कूटर नाकासमोरून निघून गेली.

नातीने मला तिथेच पाय उचलायला लावला. मी तिच्या दप्तराला धरून एका पायावर उभा राहिलो. तिने वाकून बुटाचा तळवा नीट पाहिला. रस्त्याची धूळ लागली होती. पांढरी.

एक, ती म्हणाली, आणि माझा हात धरून चालू लागली.