मोटेच्या वहाणा

देवळाली प्रवरा, शुक्रवार, १८ जानेवारी १९७४. दिवेलागण.

आजही डिझेल नाही. सलग तिसऱ्या दिवशी पंपावरून रिकामा डबा घेऊन परत आलो. गहू पोटरीत आलाय, विहिरीत पाणी आहे आणि इंजिन मुकाट उभं.

रेडिओवर सांगत होते, देशानं तेलावाचून चालायला शिकलं पाहिजे. पटलं मला. तीन वर्षांपूर्वी सगळं रान मोटेवरच तर भिजत होतं! म्हणून दुपारी दगडूमामांना बोलावलं. वीस वर्षं आमची मोट त्यांनीच हाकली. इंजिन आलं त्या दिवशी "आता नका येऊ" असं मीच त्यांना म्हणालो होतो. तरी आले.

मामांनी बैलांवर जू चढवलं. धावेच्या उतारावरून जोडी नीट गेली, पण परत विहिरीकडे उलट्या पावलांनी यायचं, ते काही जमेना. या बैलांना मागं सरायला शिकवलंय कुणी?

"शिकत्याल, पर म्हैना जाईल," मामा म्हणाले.

गहू आठवडाभर थांबेल फार तर.

मग त्यांनी विचारलं, "आन् मोट कुठाय?"

हे मला आधी कसं आठवलं नाही? मी खाली पाहिलं. इंजिन आल्यावर मोटेच्या कातड्याच्या वहाणा करून घेतल्या होत्या. गावभर मिरवल्या. आजही त्याच पायात. मामांनीही पाहिल्या. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"चांगलं हुतं कातडं," एवढंच म्हणाले आणि अनवाणीच निघून गेले.

उद्या पुन्हा पंपाची रांग. याच वहाणा घालून.