फेसाची बिस्किटं

आई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोला आता प्लास्टिकचा हार आहे, आणि तोही मी साबणात धुऊन परत घालते. सासूला कोणी पत्र लिहीत नाही, मेलेल्या सासूला तर मुळीच नाही. पण मला एक विचारायचंय आणि ते ज्याला विचारावं असं तुमच्याशिवाय कोणी नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, अक्षर मोठं येतं, कागद पुष्कळ जातो. तुम्हाला अहो-जाहोच करते. तुम्ही होतात तेव्हा सुटलं नाही, आता सोडून काय मिळणार.

विचारायचंय ते फेसाच्या बिस्किटांचं. अंड्यातलं नुसतं पांढरं, पिठीसाखर, लिंबाचे चार थेंब. नात त्याला मेरँग म्हणते. तुम्ही ते शेजारच्या खोलीतल्या ख्रिश्चन बाईकडून उचललंत. ती नाताळच्या मिठाईत पिवळं तेवढं वापरायची आणि पांढरं पेल्यात घालून तुमच्या दारात ठेवायची. अंधेरीच्या त्या चाळीत कोकणातली इतकी घरं, सगळ्यांकडे पाहुण्याला खोबऱ्याची वडी, आणि आपल्याकडे ही पांढरी, हातात धरली तर वजन नसलेली बिस्किटं. तुम्हाला त्याचा किती तोरा होता!

मला अजून दिसतंय. सकाळची वेळ, तुम्ही उंबऱ्याजवळ पाटावर बसलाय, पातेलं मांडीत, दोन काटे एकत्र धरून फेटताय. हात थांबत नाही आणि तोंडही थांबत नाही. फेस झाला की तुमच्या मुलाला हाक मारता, तो माझा नवरा, एका पोराचा बाप, मुकाट्याने येऊन बसतो आणि तुम्ही ते पातेलं त्याच्या डोक्यावर उलटं धरता. "हलां नको रे मेल्या." फेस पडत नाही. मग ट्रे घेऊन तुम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत जाता. सकाळचे पाव निघाले की भट्टी निवायला लागते. त्या उरलेल्या उबेत ट्रे सरकवायचा आणि संध्याकाळच्या पावांसाठी पुन्हा लाकडं घालायच्या आत काढायचा. ही बिस्किटं भाजायची नसतात, वाळवायची असतात. एवढं तरी तुम्ही मला सांगितलंत.

बाकी काही सांगितलं नाहीत. माझ्या हातून ती कधी झालीच नाहीत. दर खेपेला तुम्ही म्हणणार, "आदी माका नारळ खवून दी, मगे फेटूक बस." मी विळीवर बसून नारळ खवणार, हात पाण्याखाली धरून झटकणार आणि अंडी फोडणार. पांढरं बोटांतून गाळायचं, पिवळं तळव्यावर राहायचं, ही तुमचीच पद्धत. मग मी फेटत बसणार. खांदा भरून यायचा, पण पातेल्यात फेसाळ पाणीच. तुम्ही वाकून बघायचात आणि चाळीला ऐकू जाईल असं म्हणायचात, "तुझो हात जड आसा गो. तुका नाय जमाचा." बायका हसायच्या. मीही हसायचे, न हसून जाणार कुठे? पण हात जड म्हणजे मी सगळ्यातच जड, असं मला पुढे किती वर्षं वाटत राहिलं.

थोरले भावजी दिंडोशीला वेगळे राहायला गेल्यावर महिन्यातून एकदा यायचे, ते बिस्किटांचा डबा न्यायला. डबा सकाळपासून भरून मांडणीवर ठेवलेला असायचा आणि तुम्ही त्यांना सांगायचात, "बस रे, अजून निवली नाय." मी आतून ऐकायचे आणि मला वाटायचं, म्हातारी विसरभोळी झाली.

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी मुलाचा वाढदिवस होता. नारळ फोडला तर आतून खवट निघाला. फेकून दिला. खवायचं कामच उरलं नाही, म्हणून सहज म्हटलं, आपणच करून बघू ती बिस्किटं, आता हसायला कोण आहे. आणि आई, फेस उभा राहिला! काटा उभा राहील असा. मी घाबरून पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं, तुम्हीच येऊन बसलात की काय. पुढच्या वेळी नेहमीसारखा नारळ खवून बसले, तर परत पाणी. तेव्हा टाळकं ठिकाणावर आलं. नारळाचं तेल. बोटांना, नखांत, पाण्याने जाणार नाही असं. पांढऱ्याला जरासं तेल लागलं तरी ते उठत नाही. आणि तुम्ही स्वतः फेटायला बसण्याआधी कपड्याच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचात, वरून लिंबाची साल चोळायचात. मी समजायचे, म्हातारीची स्वच्छता. त्या दिवशी तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ऐकू गेलं असेल तर गेलं.

तर विचारायचं ते हे. तुम्ही मुद्दाम करत होतात का? की तुम्हालाही नारळाचं माहीत नव्हतं आणि खरंच माझाच हात जड वाटत होता?

आता इथलं सांगते. चाळ पाडली, टॉवर झाला, मी अकराव्या मजल्यावर. हे गेले त्याला आता चार पावसाळे झाले. बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, मुलाने इलेक्ट्रिकचा ओव्हन आणून दिलाय. मजल्यावर चार दारं, चारही बंद. मुलगा-सून मुलुंडला, त्यांचा रोज फोन येतो. "औषध घेतलं?" "घेतलं." फोन संपला. कधी कधी वॉचमन इंटरकॉमवर म्हणतो, पार्सल आलंय, आणि पार्सल शेजारच्यांचं असतं, तरी मी त्याला दोन प्रश्न जास्त विचारते. येते ती फक्त नात, महिन्यातला एखादा रविवार, आणि तीही बिस्किटांसाठी. डबा भरलेला असतो. मी म्हणते, थांब गं, चहा टाकते.

पोरीला बंगलोरला नोकरी लागली. म्हणाली, "आजी, जायच्या आधी मला शिकव ना. मग मी तिकडेच करत जाईन." तिकडेच. म्हणजे आता इकडे यायचं कारण नाही.

रविवारी आली, स्वतःचं फेटायचं मशीनही घेऊन आली. मी म्हटलं, "आधी मला एक नारळ खवून दे गं, आमटीला हवाय." आमटीला नको होता. फ्रीजमध्ये खवलेला डबाभर होता. पोरीला विळीवर नीट बसता येईना, बोट कापेल म्हणून मी दोनदा ओरडले. अर्धा नारळ खवला, हात चड्डीला पुसले आणि लागली अंडी फोडायला. मी बघत होते. मशीन घरघरत राहिलं, पातेल्यात पाणी ते पाणी.

"आजी, वाट लागली ना याची!"

"तुझा हात जड आहे."

"हात कसला जड? मशीन करतंय ना यार!"

"मग मशीन जड असेल."

ती खदाखदा हसली. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे आजी, तूच करत जा, मी येत जाईन. भावजी तुम्हाला तेच म्हणायचे. तर ती म्हणाली, "सोड गं. तिकडे ऑनलाइन मिळतात तयार, मागवीन." पातेलं सिंकमध्ये ओतलं, माझा गालगुच्चा घेतला, चार वाजता गेली पण. आमटीला नको असलेला नारळ घेऊन मी ओट्याशी उभी.

दोन दिवस तिच्यावरचा राग पुरला. मंगळवारी मीच फोन लावला. म्हटलं, "ऐक. नारळ खवलेल्या हातांनी अंड्याला हात लावायचा नाही. साबणाने धुवायचे, मग लिंबाची साल. पातेल्यालाही चोळायची. मग बघ."

"अरे! मग रविवारी का नाही बोललीस?"

"विसरले."

"झकास टिप आहे गं. तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या सासूने," मी म्हटलं.

"पणजीने? भारी होती की! आजी, मीटिंग आहे, ठेवू?" आणि ठेवला.

खोटं बोलले. तुमचं नाव राखायला नव्हे. वाटलं, तुमचं नाव काढलं तर पोरगी पुढे काही विचारेल, कशी होती, काय म्हणायची, आणि फोन जरा लांबेल. तुमच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच आहे, त्यातलं बरंचसं वाईट.

हा कागद मी कुठे टाकणार? फोटोमागे खोचायची नाटकं मला जमत नाहीत. रद्दीवाला येईल तेव्हा जाईल. आणि मघाचं ते विचारलेलं राहू दे. तुम्हाला नारळाचं माहीत होतं. रविवारी पोरगी विळीवर वाकडी बसून नारळ खवत होती, ओठ दातात धरून, तेवढा वेळ मला फार बरं वाटत होतं. नारळ जरा मोठा असता तर चाललं असतं.